गवत सुकते, फूल कोमेजते: एक वचन हस्तलिखितांत वाचताना

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, 40 व्या अध्यायातले आठवे वचन आमच्या मंडळीत दफनविधीला हमखास वाचले जाते. गवत सुकते, फूल कोमेजते, पण आपल्या देवाचे वचन सर्वकाळ टिकते. मला ते लहानपणापासून पाठ आहे. पुढे संडे स्कूलमध्ये शिकवायला लागले तेव्हा मुले विचारायची, "टीचर, हे पहिल्यांदा कशावर लिहिलं होतं? ते अजून आहे का?" यशयाच्या हातचे काही उरलेले नाही. पण जुन्यात जुन्या नकला, त्यांत चामड्याची एक गुंडाळीही, उरल्या आहेत आणि त्यांची छायाचित्रे आता घरबसल्या बघता येतात. नुसते बघून माझे समाधान होईना. हे एक वचन मला त्या पानांवर स्वतः वाचायचे होते.

आमच्याकडचे एक निवृत्त पाळकसाहेब सेमिनरीत हिब्रू शिकवत असत. त्यांना विचारले, तर म्हणाले, "गुंडाळीकडे लगेच धावू नका. आधी छापील अक्षर डोळ्यांत बसू द्या." त्यांचे ऐकले हे फार बरे झाले. हिब्रूत 22 अक्षरे, सगळी व्यंजने. पाच अक्षरे शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. लिखाण उजवीकडून डावीकडे. हे सगळे सवयीने जमते. मराठी माणसाला एक गोष्ट मात्र आयतीच जमते: जुना लहिया चामड्यावर शाईशिवाय कोरड्या रेघा आखून घेतो आणि अक्षरे त्या रेघेवर न बसवता रेघेखाली लोंबती ठेवतो, आपण शिरोरेघेखाली लिहितो तशी. त्यामुळे ओळ कुठून सुरू होते ते माझ्या डोळ्यांना लगेच कळे.

पहिला मुक्काम लेनिनग्राड कोडेक्स. 1008 च्या सुमारास कैरोत लिहिलेले हे पुस्तक आज सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हिब्रू जुना करार संपूर्ण असलेले हे सर्वांत जुने हस्तलिखित. अभ्यासकांच्या हातात आज जी छापील हिब्रू प्रत असते तीही त्यावरूनच केलेली. पानावर तीन स्तंभ, अक्षरांच्या वर-खाली स्वरांच्या आणि पठणाच्या खुणा, समासात बारीक टिपा. मसोरा या, हिब्रू मजकूर जसाच्या तसा जपणाऱ्या यहुदी परंपरेतल्या पंडितांनी कुठला शब्द किती वेळा आला, कुठल्या रूपात आला हे सुद्धा लिहून ठेवले, का तर पुढच्या नकलेत अक्षर हलू नये. शिकणाऱ्याला स्वरखुणांचा मोठा आधार असतो. सातवे आणि आठवे वचन मी इथे आधी पक्के केले. दोन्हींची सुरुवात त्याच चार शब्दांनी होते: सुकते गवत, कोमेजते फूल. सातव्यात पुढे येते की परमेश्वराचा श्वास त्यावर फुंकला जातो, खरोखर लोक गवतच आहेत. आठव्यात पुढे देवाच्या वचनाचे टिकणे येते. पाळकसाहेबांनी त्या चार शब्दांखाली पेन्सिलने दोन्हीकडे रेघ मारली आणि म्हणाले, "आता गुंडाळीत बघा."

यशयाची मोठी गुंडाळी 1947 साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या पहिल्या गुहेत बेदुईन म्हणजे भटक्या अरब मेंढपाळांना सापडली. ती जेरुसलेमच्या सिरियन ऑर्थोडॉक्स मठाधिपतींकडे गेली, 1948 मध्ये तिचे फोटो निघाले आणि 1954 मध्ये इतर तीन गुंडाळ्यांसह अडीच लाख डॉलरला ती इस्राएलसाठी विकत घेतली गेली. आज ती इस्राएल म्युझियमची आहे. चामड्याचे 17 तुकडे शिवून केलेली, सात मीटरहून लांब, 54 स्तंभांची. लेनिनग्राड कोडेक्सपेक्षा हजारावर वर्षांनी जुनी. 2011 मध्ये म्युझियमने ती पूर्ण इंटरनेटवर ठेवली.

इथे स्वरखुणा नाहीत. वाव आणि योद ही दोन अक्षरे इतकी एकसारखी दिसतात की पुष्कळदा शब्दाच्या अर्थावरूनच ठरवावे लागते. या लहियाची व्यंजनांबरोबर जादा वाव, अलेफ लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून छापील शब्द पाठ असला तरी तो ओळखायला वेळ लागतो. मी ओळ वाढवून बघायची, अक्षरे वहीत उतरवायची, मग छापील प्रतीशी ताडायची. घाईचे हे काम नव्हेच.

आता 33 वा स्तंभ, सातवी ओळ. लहियाने ते चार शब्द लिहिले आहेत आणि त्यांना लागूनच "आणि आपल्या देवाचे वचन". परमेश्वराचा श्वास नाही, लोक गवत आहेत हेही नाही. मग वर नजर गेली की दिसते, ओळीच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाच्या हातची बारीक अक्षरे आहेत. राहिलेला मजकूर तिथे भरला आहे. ओळीवरची जागा पुरली नाही म्हणून तो डाव्या समासात वळून उभा खाली उतरला आहे. त्यात परमेश्वराचे चार अक्षरी नाव यायला हवे त्या जागी चार ठिपके आहेत, शाईचे, ओळीने. मूळ लहिया ते नाव सरळ लिहितो. हा दुसरा माणूस लिहायला धजत नाही. कुमरानच्याच समाज-नियमांच्या गुंडाळीत यशया 40:3 उद्धृत केले आहे, तिथेही असेच चार ठिपके आहेत, आणि अनेक अभ्यासक दोन्ही ठिकाणचा हात एकच मानतात. त्या ठिपक्यांपाशी मी फार वेळ थांबले. ज्याला नाव लिहायचीही भीड वाटते, तो राहिलेला मजकूर मात्र गाळू देत नाही.

त्यानंतर ग्रीक, म्हणजे जुन्या कराराचे प्राचीन ग्रीक भाषांतर. हे सोपे जाईल असे वाटेल, कारण अक्षरांत स्वर आहेत. पण चौथ्या शतकातल्या कोडेक्स सिनायटिकसमध्ये शब्दांमध्ये जागाच सोडलेली नाही. पानावर चार अरुंद स्तंभ, स्तंभात 48 ओळी, शब्द वाटेल तिथे तुटून खालच्या ओळीत जातो. देव, प्रभू असे शब्द आखडून, वर आडवी रेघ देऊन लिहिलेले. त्या रेघा खुणेसारख्या धरून मी वाट काढली. हे पुस्तक सीनायच्या सेंट कॅथरिन मठातले. त्याची पाने आज चार ठिकाणी विभागलेली आहेत, आणि यशया लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चारही संस्थांनी मिळून 2009 मध्ये सर्व पाने इंटरनेटवर आणली. चित्राशेजारी उतरवलेला मजकूर मिळतो, तिरप्या उजेडातला फोटोही मिळतो.

ग्रीकमध्येही वचन आखूडच आहे! गवत सुकले, फूल गळले, पण आपल्या देवाचे वचन सर्वकाळ राहते. मधले काही नाही. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हे वचन येते, तेही याच आखूड रूपात.

मग खरे मूळ कोणते? एक मत असे की मधला मजकूर नंतर कुणी स्पष्टीकरण म्हणून घातला. दुसरे असे की तेच चार शब्द दोनदा आल्यामुळे लहियाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरली. मला दुसरे पटते. हाताने नक्कल करणाऱ्याच्या बाबतीत हे सहज घडते आणि दोन वेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणेही घडू शकते. तरी ग्रीक साक्ष मी हलकी धरत नाही. आपल्याकडे एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तीही प्रती ताडूनच, आणि त्यामुळे ज्ञानेश्वरीवरची कुणाची श्रद्धा कमी झाली नाही. गुंडाळीतला तो समास बघून माझीही झाली नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सगळे बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा ही गुंडाळी अजून गुहेतच होती. हे आठवले की मला आजही हळहळ वाटते.

कुणाला असे वाचायचे असेल तर एकच वचन घ्यावे, पाठ असलेले. अख्खा अध्याय घेऊ नये. आधी छापील हिब्रू, मग लेनिनग्राड, मग गुंडाळी, हा पाळकसाहेबांचा क्रम बदलू नये. सध्या आमचे 53 व्या अध्यायातले अकरावे वचन चालू आहे. तिथे प्रकार नेमका उलटा आहे: लेनिनग्राड कोडेक्समध्ये "तो पाहील" एवढेच येते, आणि गुंडाळीच्या 44 व्या स्तंभात "तो प्रकाश पाहील" असे आहे; ग्रीकमध्येही प्रकाश हा शब्द आहे.