चैत्री एकादशीची पायवाट

आषाढीच्या वारीला डोक्यावर पाऊस असतो. आमच्या चैत्रीला डोक्यावर काय असतं ते साडेनवालाच कळलं.

वारकऱ्यांच्या मोठ्या वाऱ्या चार: आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. चैत्रीला आम्हा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या लोकांची पंढरी म्हणजे साखळीजवळचं, वाळवंटी नदीच्या काठचं विठ्ठलापूर. वाळपईहून होंड्यामार्गे दहाएक किलोमीटर. पहाटे निघायचं होतं, पण टाळांची पिशवी कुणाकडे राहिली यावर तास गेला.

होंड्याच्या अलीकडेच अभंग थांबले. घसे सुकले होते. मग ऐकू आला तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं एकसुरी टुक-टुक. वडाच्या सुक्या फांदीवर बसला होता. चोच मिटलेली, नुसता गळा फुगत होता. या उन्हात तोंड न उघडता गायचं, हे आम्हाला जमलं असतं तर!

अनवाणी चालणाऱ्या काकी डांबर सोडून कडेच्या पाचोळ्यावरून चालत होत्या. त्यांच्या मागोमाग मीही काजूखाली शिरलो. खाली पिवळे-लाल बोंडू पडलेले, त्यांचा आंबूस वास.

"काकी, एकादशीला बोंडू चालतो?"

"फळच ना ते? चालतं. फेणीच्या भाटीवर गेलं की नाही चालत."

बी पिळून काढली, बोंडू चोखला. घसा खवखवला, सदऱ्यावर डाग पडला. काजूचा डाग, जन्माचा सोबती.

तिथेच वर बघितलं तर तांबडे मुंगळे, आमचे हुमले, घर शिवत होते. दहा-बारा जण दोन पानांच्या कडा ओढून धरून ओळीनं उभे. एकाच्या तोंडात तांदळाएवढी पांढरी अळी. तिला तो या पानाला टेकवी, मग त्या पानाला, मागावरच्या धोट्यासारखी. रेशीम त्या अळीचं, मोठ्या मुंगळ्यांना ते येतच नाही. पाच मिनिटं तरी मान वर करून उभा होतो. दिंडी पुढे गेली आणि मी धावत सुटलो.

पुढचा रस्ता सावलीतून सावलीत उड्या मारत काढला. एके ठिकाणी पिवळाधमक बहावा होता. बघायला सुंदर, सावली मात्र चार आण्याची. आंबा बरा.

विठ्ठलापुरात रांग लांब होती, पण आत गारवा. समोर आलो, हात जोडले, आणि सदऱ्याच्या कॉलरमध्ये माझ्याबरोबर आलेला हुमला मानेला कडाडून चावला. दिवसभरातला माझा सगळ्यात मोठा 'विठ्ठल' तेव्हा निघाला. काकींनी मागे वळून कौतुकानं पाहिलं.