कितनी मूर्ती?

नर्मदेकाठी संध्याकाळी कुठल्याही आश्रमाच्या दारात उभं राहून ‘नर्मदे हर’ म्हटलं की आतून पहिला प्रश्न येतो, “कितनी मूर्ती?” परिक्रमेला निघालेल्या माणसाला तिकडे मूर्ती म्हणतात. मूर्ती किती ते कळलं की कणीक किती भिजवायची ते ठरतं. मला हा प्रश्न पहिल्याच दिवशी आवडला. सांगलीत एकवीस वर्षं खानावळ चालवतेय, रोज सकाळी मीही हेच विचारते. फक्त मी “आज डबे किती?” म्हणते.

चातुर्मास संपल्यावर मी आणि माझी धाकटी जाऊ ओंकारेश्वरातून निघालो. खंड परिक्रमा, पहिल्या वर्षी दक्षिण तटाने समुद्रापर्यंत. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. लोक परत आल्यावर अनुभव सांगतात. मी जेवणाचं सांगणार, कारण मला त्यातलंच कळतं.

काही ठिकाणी शिजवलेलं मिळतं, काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा: कणीक, डाळ, मीठ, मिरची, असला तर बटाटा. चूल आपण मांडायची. पहिल्यांदा सदाव्रत मिळालं तेव्हा मी जावेला म्हटलं, तू बस, हे माझं काम. पोळपाट नाही, लाटणं नाही. मी सवयीने फुलक्याची कणीक भिजवली, सैल. शेजारच्या चुलीवरचे एक म्हातारे बाबाजी बघत होते. म्हणाले, “माताराम, इसका टिक्कड नहीं बनेगा, हलवा बनेगा.” एकवीस वर्षांत माझ्या कणकेला कोणी असं बोललं नव्हतं.

मग त्यांनी दाखवलं. कणीक घट्ट, इतकी की अंगठा रुतायला जोर लागावा. हातावर थापून बोटाएवढी जाड करायची, तव्यावर दोन्ही बाजू धरल्या की काढून निखाऱ्याला टेकवून उभी करायची. आणि मग तिला हात लावायचा नाही, हेच मला जमेना. मी सारखी उलटायला जायची. टिक्कड आतून शिजायला वेळ घेतो, आणि दिवसभर चाललेल्या माणसाकडे तेवढाच नसतो. डाळीत मिरची बेडियाची. खरगोन जिल्ह्यातलं हे गाव मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. नावावरून मला आपली ब्याडगी आठवली, पण ब्याडगी रंगाला, आणि ही थेट कानापर्यंत.

रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. 28 एप्रिल 1740 ला ते तिथेच गेले. दर्शन घेऊन निघालो तर वाटेतल्या एका घरातून बाईंनी हाक मारली. ताटात ज्वारीची भाकरी आणि ‘अमाडी की भाजी’. पहिल्या घासालाच मी जावेकडे बघितलं, ती माझ्याकडे. अंबाडी! आम्ही तिला तांदळाच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी देतो, त्या बाईंनी तूरडाळ घातली होती. आंबटपणा तोच. मी दोनदा मागून घेतली, आणि परिक्रमेत मागायचं नसतं हे जावेने मला पुढचे चार किलोमीटर ऐकवलं.

आता तक्रार. खिचडी. उशिरा येणाऱ्यांसाठी पटकन होते, कितीही माणसांना पुरते, सगळं मान्य. पण सलग नऊ रात्री? दहाव्या रात्री झाकण उघडल्यावर माझं तोंड बघून जाऊ म्हणाली, “ताई, ‘मावशी, परत वांगंच का?’ म्हणणाऱ्या पोरांना तुम्ही काय उत्तर देता?” जे देते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मी एक युक्ती केली. उजेड असतानाच पोचायचं, पाय धुतले की सरळ चुलीपाशी जाऊन बसायचं आणि भाजी चिरायला घ्यायची. चुलीपाशी बसणाऱ्या बाईला त्या घरातलं खरं जेवण मिळतं: लोणच्याच्या बरणीचा तळ, शेंगदाण्याची चटणी, घरच्यांसाठी वेगळी ठेवलेली भाजी.

बडवानी सोडलं की शूलपाणीची झाडी. काठावरची गावं आणि जुनी वाट सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, त्यामुळे आता सातपुड्याचे चढउतार करत जायचं. मध्ये काही मुक्काम आपण महाराष्ट्रात असतो, नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला. मला वाटलं, चला, आता मराठी बोलता येईल. ज्या घरी थांबलो तिथल्या आजी फक्त पावरी बोलायच्या. आश्रमशाळेत शिकणारा नातू आमचा दुभाष्या.

आजींनी मक्याची भाकरी केली आणि सालासकट भरडलेल्या उडदाची डाळ. डाळीत आमचुराचे तुकडे. कैऱ्या सोलून, कापून उन्हात वाळवतात, धडगावचं आमचूर नावाजलेलं आहे. मी फोडणीची वाट बघत बसले. फोडणी आलीच नाही. डाळ तशीच ताटात आली, तेलाचा थेंब नाही, आणि अख्ख्या प्रवासात मी त्याहून चांगलं काही खाल्लं नाही. धुराचा वास, उडदाचा बुळबुळीतपणा आणि त्याला मधूनच छेदणारं आमचूर. मी नातवाला विचारलं, आमचूर कधी घालायचं, किती घालायचं? त्याने आजींना विचारलं, त्या बराच वेळ बोलल्या, हातवारे केले. तो म्हणाला, “आजी म्हणते, घालायचं.”

गुजरातेत बाजरीचा रोटला आणि ताक झकास, डाळ गोड. गोड डाळीबद्दल मी काही बोलणार नाही. कतपोरला, नदी न ओलांडता समुद्रातून पलीकडच्या तटावर नेणाऱ्या नावेसाठी, भरतीची वाट बघत चिखलात बसलो होतो तेव्हा एका कुटुंबाने थेपले वाटले, ते नावेत खाल्ले.

येताना वाट वाकडी करून धडगावचं किलोभर आमचूर आणलं. सोमवारी खानावळीत तशीच डाळ केली, उडदाची, सालासकट, बिनफोडणीची. पहिल्या पंगतीतल्या पोराने वाटी ढवळून बघितली आणि आत डोकावला.

“मावशी, तेल संपलंय का?”