गुर्दे आजोबांच्या वाट्याला

घर उघडं होतं, चूल पेटलेली होती, पण आत कुणी नव्हतं. आम्ही तर वेळ ठरवून आलो होतो. शेजारीण दारात आली, एक शब्द न बोलता हनुवटीने तळ्याकडे खूण केली आणि दार लावून घेतलं. बाहेर उणे 31 होतं. तसल्या हवेत दारात उभं राहून कोणी पत्ता समजावून देत बसत नाही.

मी मूळची कोल्हापूरकडची. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, यलोनाइफला, आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी करते. एरवी काम टेबलावरचं, पण हिवाळ्यात आमच्या एका परिचारिकेबरोबर ग्रेट स्लेव्ह तळ्याकाठच्या वस्त्यांवर जाते. हिवाळ्यातच का, तर तेव्हा रस्ता जवळचा होतो म्हणून. यलोनाइफहून समोरच्या डेट्टा वस्तीला एरवी 27 किलोमीटरचा वळसा पडतो. तळं गोठलं की बर्फावरून साडेसहा किलोमीटर. 'तळं' म्हणते खरी, पण ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठं आहे आणि एके ठिकाणी 614 मीटर खोल, उत्तर अमेरिकेत त्याच्याहून खोल दुसरं नाही. त्यावरचा रस्ता नुसता 'होत' नाही, तो करावा लागतो. वरचं भुसभुशीत हिम सतत खरवडून काढतात, कारण हिमाची दुलई खालच्या बर्फाला ऊब देते आणि त्याची जाडी वाढू देत नाही. लागलं तर वर पाणी ओतून थर चढवतात. पहिल्या हिवाळ्यात गाडीखाली बर्फ तोफेसारखा वाजला तेव्हा मी दाराची कडी घट्ट धरली होती. थंडीने आक्रसणारा बर्फ आवाज करतोच, हे आता माहीत झालंय. हात तरी कडीकडे जातोच.

आम्ही गेलो होतो ती वस्ती कुठली, ते सांगत नाही. घरं मोजकी, माणसं लगेच ओळखू येतील. पेशंट होती बाविशीतली एक डेने मुलगी (डेने म्हणजे इथले मूळ रहिवासी), सहावा महिना चालू, हिमोग्लोबिन 92. घाबरू नका, इथे लिटरमागे मोजतात. आपल्या भाषेत 9.2. लोहाच्या गोळ्या तिने महिनाभर घेऊन बंद केल्या होत्या. माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीत शेवटची ओळ अशी: आहारात शिकारीचं मांस आणि अवयव बरेच, लिव्हरबाबत समज द्यावी.

'समज द्यावी' हे मला कधीच आवडलेलं नाही. पोलीस ठाण्यात देतात ती समज.

तळ्यावर दूर एक कॅनव्हासचा तंबू दिसत होता, त्यातून वर आलेल्या पत्र्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. तिथे अख्खं कुटुंब सापडलं. मुलीचा नवरा आणि आजोबा जाळं उपसत होते, ती स्वतः तंबूत आजीपाशी. "आज जाळं बघायचा दिवस आहे," ती म्हणाली. म्हणजे चूक आमचीच, मंगळवार आम्ही निवडला होता.

बर्फाखाली जाळं लावतात कसं, हा मला कायम पडलेला प्रश्न. आजोबांनी तो तिथेच सोडवला. एक लांब फळी असते, मधे खाच, खाचेत लोखंडी दांडा. पहिल्या भोकातून ती पाण्यात सोडली की तरंगून बर्फाच्या पोटाला चिकटते. दोरीला झटका दिला की दांडा वरच्या बर्फाला टेकून फळीला थोडं पुढे ढकलतो. झटका, ढकल, झटका, ढकल. वर एकजण तिच्या टकटकीचा माग काढत चालतो आणि हवं तितकं अंतर झालं की तिथे दुसरं भोक पाडतो. फळीमागून दोरी आलेली असते, दोरीमागून जाळं. एकदा हे झालं की मग हिवाळाभर फक्त उपसायचं: एका भोकातून जाळं ओढायचं, दुसऱ्या टोकाला बांधलेली दोरी त्याबरोबर आत सरकत जाते, मासे काढून झाले की तीच दोरी ओढून जाळं परत जागेवर.

नवऱ्याने मला हातमोजा काढून जाळ्याला हात लावायला सांगितलं. पाणी शून्याच्या आसपास, हवा उणे 31. पाण्यात हात चक्क उबदार लागला. बाहेर काढला आणि दोन श्वासांत बोटं लाकडं झाली. तो मात्र उघड्या हातांनी एकेका व्हाइटफिशच्या कल्ल्यातून दोरा सोडवत होता, मधूनच हात परत पाण्यात बुडवून ऊब घेत होता. बर्फावर टाकलेला मासा दोनचार वेळा शेपटी आपटतो आणि त्याच वाकड्या आकारात गोठतो.

मग वर आला तो ज्याची आजी वाट बघत होती. लांबुळका, शेवाळी-तपकिरी, बुळबुळीत, हनुवटीवर एकच मिशी. इथे त्याला लोश म्हणतात. गोड्या पाण्यात राहणारा कॉडच्या कुळातला हा एकटाच मासा, आणि त्याची वेळ नेमकी उलटी: भर हिवाळ्यात, बर्फाखाली अंडी घालतो. आजीने तो तिथेच फाडला. आतून निघालेली लिव्हर माशाच्या मानाने अवाढव्य, मलईच्या रंगाची, तुकतुकीत. तिने ती दिव्याजवळ धरून उलटीपालटी केली, नखाने एक कड दाबून पाहिली, एक पांढरा ठिपका दिसला तेवढा भाग कापून टाकला आणि बाकीची चुलीवरच्या तव्यात सोडली. आधी तेल नाही. तेल तिचं तिलाच सुटलं.

आमची ओपीडी अशी त्या तंबूत सुरू झाली. खाली स्प्रूसच्या फांद्या अंथरलेल्या, मधे पत्र्याची चूल, चुलीवर चहाची काळीकुट्ट किटली, बाजूला पातेल्यात मूसचं काहीतरी शिजतंय. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, खांद्यापाशी माणसाहून उंच. नवऱ्याने आठवड्यापूर्वी एक मारला होता. मी विचारलं, काय काय खाल्लंस? ती सांगायच्या आत आजीने यादी सुरू केली, नात मधेमधे इंग्रजी करून देत होती. जीभ. उकडलेलं नाक. हृदय. लिव्हर. पोटाचा पानापानांचा कप्पा, धुऊन उकडलेला. हाडातली मगज. गुर्दे चुलीच्या पत्र्यावर भाजून, त्यांच्याभोवतीच्या चरबीसकट.

मुंडी, पाया, वजडी, रक्ती खात वाढलेल्या माणसाला यात दचकण्यासारखं काही नव्हतं. आजीला मात्र ते माहीत नव्हतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, नाक मुरडतेय का म्हणून. मी विचारलं, "पोटाचा तो कप्पा धुताना चुना लावता की नुसतं गरम पाणी?" त्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून पाहिलं.

आता मुद्द्याचं. गरोदर बाईला लिव्हर जपून द्यायची ती जीवनसत्त्व 'अ' मुळे. गरोदरपणात त्याची तयार रूपातली मर्यादा दिवसाला 3,000 मायक्रोग्रॅम. गाईच्या लिव्हरच्या 85 ग्रॅमच्या एका तुकड्यात ते सहा हजारांवर जातं. धोका मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत, बाळाचे अवयव घडत असताना; हिचा तो काळ उलटला होता. म्हणून मी लिव्हर बंद केली नाही, आठवड्यातून एकदा लहान तुकडा म्हटलं, आणि मूसची खाल्ली त्या आठवड्यात लोशची नाही. लोशची पूर्ण तोडायला माझंही मन होत नव्हतं. त्यात 'ड' जीवनसत्त्व भरपूर. यलोनाइफला डिसेंबरात दिवस जेमतेम पाच तासांचा. त्या उन्हात कातडी ते बनवेल ही आशाच नको.

माझी खरी चिंता लिव्हर नव्हती, गुर्दे होते. चिठ्ठीत त्यांचं नावही नव्हतं. मूस हिवाळ्यात विलोच्या झुडपांच्या फांद्यांवर जगतो, विलो जमिनीतलं कॅडमियम, हा एक विषारी धातू, ओढून घेतो, आणि ते वर्षानुवर्षं प्राण्याच्या गुर्द्यांत साठत जातं. लिव्हरमध्ये त्याहून कमी, मांसात नगण्य. पश्चिमेकडच्या मॅकेन्झी पर्वतांच्या दक्षिण भागातल्या मूसच्या गुर्द्या-लिव्हरबद्दल सरकारची मर्यादेची सूचना आहे. हा मूस तिथला नव्हता. पण एक गोष्ट अशी की अंगात लोह कमी असलं तर आतडं कॅडमियम जास्त शोषतं. म्हणजे रक्त वाढावं म्हणून हिला आग्रहाने गुर्दे खायला घालणं, हाच नेमका उलटा उपाय. हे मी सावकाश सांगितलं. नवरा चुलीपाशी सिगारेट ओढत होता, त्यालाही सांगितलं की त्या धुरातही तेच कॅडमियम असतं. तो काही न बोलता उठून बाहेर गेला.

आजी मात्र भडकली. नातीने भाषांतर करताना थोडं मऊ केलं असावं, तरी पोचायचं ते पोचलं. "सोन्याच्या खाणीने आमचं पाणी नासवलं, तेव्हा कोणी तंबूत येऊन सांगितलं नाही काय पिऊ नका ते. आता आमचं खाणं मोजायला येता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. जायंट माइन 1948 ते 2004 यलोनाइफच्या वेशीवर चालली. सोनं काढताना भाजलेल्या खनिजातून आर्सेनिक उडायचं. 1951 साली त्या भागातलं हिम वितळवून प्यायल्याने एक डेने लहान मूल दगावलं. आजही खाणीच्या पोटात 2,37,000 टन आर्सेनिकची भुकटी आहे आणि शहराजवळच्या काही तळ्यांतले मासे खाऊ नयेत अशा सूचना आहेत. इतकं सोसलेल्या माणसांना छापील पत्रक दाखवून 'हे नको, ते नको' सांगणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. आणि 'नको'च्या जागी काय येतं तेही मी रोज बघते: दुकानातलं डबाबंद मांस, नूडल्स आणि गोड पेयं, कारण ताजं मांस आणि भाजी इथे परवडत नाही.

म्हणून मी पत्रक बॅगेतून काढलंच नाही. म्हटलं, "आजी, तुमच्या यादीतलं हृदय, जीभ आणि मांस हिला रोज द्या. मी सांगते त्याच्या दुप्पट द्या." हृदयात लोह चांगलं, 'अ' जीवनसत्त्वाची भीती नाही, कॅडमियमची फारशी नाही. मांसातलं लोह गोळीतल्यापेक्षा अंगी पटकन लागतं. "फक्त बंदुकीची गोळी लागलेल्या जागेभोवतीचं वीतभर मांस तिच्या ताटात नको." हे तोवर आत आलेल्या नवऱ्याला पटकन कळलं. शिशाच्या गोळीचे न दिसणारे कण जखमेच्या आसपास पसरतात.

"मग गुर्द्यांचं काय करू? फेकू?" आजी.

"आजोबांना द्या," मी म्हटलं. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं ठाण मांडून बसतं. बाविशीतल्या मुलीने त्याची काळजी करावी. ऐंशीच्या आजोबांनी एखाददुसरा गुर्दा खाल्ला तर मी कशाला आडवी येऊ? भाषांतर झालं तेव्हा आजोबा भोकापाशी होते. आजी हसत सुटली. या मूसचे दोन्ही गुर्दे त्यांनी कधीच संपवले होते, कुणाला न विचारता.

तिथून पुढे बोलणं सोपं झालं. कॅरिबूचा, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअरचा, विषय निघाला, निघतोच. त्यांच्या बाथर्स्ट नावाच्या कळपात 1986 साली चार लाख सत्तर हजारांच्या घरात प्राणी होते, 2021 च्या गणतीत सहा हजारांच्या थोडे वर. शिकारीवर बंदी आहे आणि ती बहुतेकांनी स्वतःहून पाळली आहे. आजीच्या मते मूस पोट भरतो, पण आजाऱ्याला कॅरिबूच लागतो. नातीच्या हिमोग्लोबिनचं खापर तिने या कळपावर फोडलं, आणि अगदीच चुकीचं फोडलं असं मला म्हणता येत नाही.

अडलं ते चहावर. मुलगी गोळी कडक काळ्या चहाबरोबर घ्यायची, जेवणावरही चहा, मधेही चहा. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, एवढंच मागितलं. गुर्दे सोडले, लिव्हर कमी केली, पण या मागणीवर तंबूतली तिन्ही माणसं एकदम गप्प झाली. शेवटी आमच्या परिचारिकेने तोडगा काढला: गोळी रात्री झोपताना पाण्याबरोबर आणि तीही एक दिवसाआड, म्हणजे पोटही धरणार नाही. गोळ्या बंद का केल्यास, हे तोवर कुणी तिला विचारलंच नव्हतं. बद्धकोष्ठ होतं, आणि शौच काळी झाल्यावर ती घाबरली होती.

निघताना आजीने मूसच्या लिव्हरचा गोठलेला तुकडा पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "हिला नाही चालत ना? मग तू ने. तू तर गरोदर नाहीस." 'मासी चो', म्हणजे खूप आभार, म्हणून घेतला. घरी कांदा-लसूण मसाल्यात परतला. जरा उग्र, पण भाकरीबरोबर झकास लागला.

महिन्याने रिपोर्ट आला, 104. गोळ्यांमुळे की हृदयामुळे, ते वेगळं करून सांगता येणार नाही. फाइलमध्ये मी दोन्ही लिहिलं, खाली एक सूचना जोडली: पुढची भेट मंगळवारी ठेवू नये.