तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रान्सची मध्ययुगीन खेडी पाहायची कशी?

"पॅरिस झाल्यावर चार-पाच दिवस उरतात. फ्रान्सची जुनी दगडी खेडी पाहायची आहेत. कुठे जावं, आणि गाडी न घेता जमेल का?" हा प्रश्न सारखा येतो. बरोबर बहुतेकदा दहा-बारा गावांची यादी असते: एक जर्मनीच्या सीमेवरचं, एक प्रोव्हान्समधलं, एक समुद्राकाठचं. ती यादी आधी बाजूला ठेवा. एका नदीचं खोरं निवडा, मुक्काम एकाच ठिकाणी करा आणि दिवसाला दोनच गावं पाहा. पहिल्यांदाच जात असाल, तर मी नैर्ऋत्य फ्रान्समधलं दॉर्दोन्य नदीचं खोरं सुचवेन. चार रात्री सार्ला या गावात काढा.

हेच खोरं का, तर तासाभराच्या अंतरात इथे तीन वेगवेगळ्या कारणांनी वसलेली गावं सापडतात. गाव कशासाठी वसलं हे कळलं, की गल्ल्या आपोआप कळायला लागतात. नाहीतर तिसऱ्या गावानंतर सगळे दगड सारखेच दिसतात.

पहिला प्रकार किल्ल्याच्या आडोशाला वसलेल्या गावांचा. बेनाकमध्ये किल्ला कड्याच्या माथ्यावर आहे आणि घरं नदीपासून वर चढत गेलेली आहेत. नदीच्या पलीकडे, अगदी नजरेच्या टप्प्यात, कास्तेलनोचा किल्ला दिसतो. 1337 ते 1453 या शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंचांच्या बाजूला होतं आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या. कास्तेलनोमध्ये आता मध्ययुगीन युद्धसाहित्याचं संग्रहालय आहे. दगड फेकणारी प्रचंड लाकडी यंत्रं तिथे पूर्ण आकारात उभी केली आहेत. दोन्हींपैकी एकाच किल्ल्यात जायला वेळ असेल, तर मुलं बरोबर असताना कास्तेलनो आणि फक्त मोठी माणसं असतील तर बेनाक.

दुसरा प्रकार आखून वसवलेल्या गावांचा. त्यांना 'बास्तीद' म्हणतात. तेराव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंड या दोन्ही देशांच्या राजांनी आपापला मुलूख पक्का करायला अशी गावं वसवली. दोम 1281 मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिपनं वसवलं, माँपाझिए 1284 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं. माँपाझिए सार्लापासून साधारण 50 किलोमीटरवर आहे, म्हणून बरेच जण ते गाळतात. मी ते कधीही गाळू नका असं सांगेन. सुमारे 400 मीटर लांब आणि 220 मीटर रुंद अशा आयतात काटकोनात छेदणारे रस्ते आहेत. मध्ये चौक, चौकाभोवती कमानींच्या पडव्या आणि एका बाजूला लाकडी छपराची बाजारशेड. तिथे धान्य मोजायची जुनी मापं अजून जागेवर आहेत. गुरुवारी सकाळी तिथेच बाजार भरतो. चौकातून मागच्या गल्लीत गेलात की दोन घरांच्या भिंतींमध्ये फट दिसेल, जेमतेम वीत-दीड वीत रुंद. ती चुकून राहिलेली नाही. दोन घरांमध्ये एवढं अंतर मुद्दाम सोडलेलं असे. एका घराची आग दुसऱ्याला लागू नये आणि सांडपाणी वाहून जावं म्हणून. शेजारी-शेजारी घरं असूनही प्रत्येकाची भिंत वेगळी आहे, हे या फटीत डोकावल्यावरच लक्षात येतं.

तिसरा प्रकार तीर्थक्षेत्राचा, म्हणजे रोकामादूर. दरीच्या उभ्या कड्यात एकावर एक बसवलेलं हे गाव आहे. खाली एकच लांब रस्ता, मध्ये देवळांचा समूह आणि काळ्या मरियमची मूर्ती, वर किल्ला. रस्त्यापासून देवळांपर्यंत 216 पायऱ्या. पूर्वी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत. आईवडील बरोबर असतील तर काळजी नको. खालच्या रस्त्यापासून देवळांपर्यंत एक लिफ्ट आहे आणि तिथून किल्ल्यापर्यंत दुसरी. दोन्हींचं तिकीट वेगवेगळं. समोरच्या लोस्पिताले या वस्तीतून सकाळच्या उन्हात पूर्ण गाव दिसतं. आधी तिथे थांबा, मग खाली उतरा.

ला रोक-गाजाक हे नदीकाठचं गाव मात्र संध्याकाळी पाहावं. कडा दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे उतरतं ऊन थेट दगडावर पडतं. 1957 मध्ये याच कड्याचा भाग कोसळून घरं गाडली गेली आणि माणसं दगावली. गावाच्या मधल्या भागातली काही घरं वेगळी वाटतात, ती त्यामुळे. इथून सपाट बुडाच्या 'गाबार' होड्यांतून तासाभराची फेरी मिळते. कनू भाड्यानं घेऊन स्वतःही वल्हवता येतं, पण पोहता येत असेल तरच. बेनाकपर्यंत उतरलात तर भाड्यानं देणारे लोक गाडीनं परत आणून सोडतात.

सार्ला हे खेडं नाही, लहानसं शहर आहे. त्यामुळे 'फ्रान्सची सर्वात सुंदर खेडी' या नावाच्या संस्थेच्या यादीत ते सापडणार नाही. ही संस्था 1982 मध्ये कोलाँज-ला-रूज या लाल दगडाच्या गावाच्या महापौरांनी, शार्ल सेराक यांनी सुरू केली. तिची अट अशी, की लोकसंख्या 2000 च्या आत हवी आणि गावात किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं हवीत. यादी चांगलीच आहे, पण यादीत नाही म्हणून गाव सोडून देऊ नका. सार्लामध्ये बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, शनिवारचा मोठा. तिथे मान वर करून छपरं बघा. चुनखडीच्या चपट्या फरश्या एकावर एक रचलेल्या असतात आणि एका चौरस मीटरचं वजन अर्धा टन किंवा त्याहूनही जास्त भरतं. छपराचा उतार इतका उभा ठेवतात तो भार वाशांवर न राहता भिंतींवर उतरावा म्हणून. भिंती इतक्या जाड का, याचंही उत्तर तेच.

आता गाडीचं. खरं उत्तर असं, की गाडीशिवाय सार्ला होतं, पण खोरं होत नाही. पॅरिसहून बोर्दोपर्यंतची वेगवान रेल्वे दोन तासांच्या आसपास घेते. तिथून सार्लाची लोकल अडीच-पावणेतीन तास. सार्लाचं स्टेशन जुन्या गावापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. पुढच्या गावांना टॅक्सी किंवा सायकल. रोकामादूरला स्टेशन आहे, पण ते गावापासून चार किलोमीटरवर, माळावर. उतरल्यावर बस उभी असेल असं धरून जाऊ नका, टॅक्सी आधी सांगून ठेवा.

चालवणार असाल तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फी 1000 रुपये, मुदत एक वर्षापर्यंत. त्याबरोबर मूळ लायसन्स लागतंच. भाड्याच्या गाडीसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. फॉरेक्स कार्डावर अनामत बहुतेक ठिकाणी घेत नाहीत आणि काउंटरवर येऊन बेत मोडतो. गिअरची गाडी हीच तिथली रीत आहे. डाव्या हातानं गिअर टाकायची सवय असलेल्याला उजव्या हातानं गिअर टाकायला त्रास होतो, म्हणून ऑटोमॅटिक हवी असेल तर महिने-दोन महिने आधी आरक्षित करा. सार्ला किंवा जवळचं ब्रीव्ह शहर अशा ठिकाणची भाड्यानं गाडी देणारी कार्यालयं दुपारी जेवायला बंद होतात आणि रविवारी बरेचदा उघडतच नाहीत. गाडी ताब्यात घ्यायची वेळ त्या हिशेबानं ठरवा.

रस्त्यावर तीन गोष्टी चुकतात. पहिली, उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. गावातल्या चौकात कोणतीही खूण नसेल, तर उजवीकडच्या चिंचोळ्या बोळातून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, तुम्ही मोठ्या रस्त्यावर असलात तरी. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची पिवळी खूण दिसली तर हक्क तुमचा, तिच्यावर काळी तिरकी रेघ असेल तर तो संपला. दुसरी, वेग. गावाच्या नावाची लाल कडेची पाटी लागली की मर्यादा 50, आकडा लिहिलेला नसला तरी. बाहेरच्या दुपदरी रस्त्यावर साधारण 80, काही जिल्ह्यांत 90. तिसरी चूक पंपावर होते. 'गाझोल' म्हणजे डिझेल. नाव ऐकून पेट्रोल समजून भरलं तर गाडी तिथेच राहते आणि खर्च विम्यात बसत नाही. पेट्रोलच्या नळीवर 'एसपी 95' लिहिलेलं असतं. रात्री आणि रविवारी पंपावर माणूस नसतो. यंत्र पिन मागतं आणि भरलेल्या तेलापेक्षा बरीच मोठी रक्कम काही दिवस अडवून ठेवतं.

गावाच्या आत गाडी नेता येत नाही. बाहेरच्या पैसे भरून लावायच्या तळावर ठेवायची. जुलै-ऑगस्टमध्ये अकरा वाजता हे तळ भरलेले असतात. म्हणून एक गाव दहाच्या आधी, दुसरं पाचनंतर. मधल्या वेळेसाठी गुहा राखून ठेवा. पादिराकच्या गुहेतली नदी जमिनीखाली सुमारे 103 मीटरवर आहे. आत वर्षभर 13 अंश असतं, स्वेटर लागतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा. लास्कोची आदिमानवाच्या चित्रांची मूळ गुहा 1963 पासून बंद आहे, मोंतिन्याकला दिसते ती प्रतिकृती. अस्सल चित्रं पाहायची असतील तर काओर शहराजवळची पेश-मेर्ल गुहा. तिथे रोज ठरावीक लोकांनाच सोडतात. त्याच दिवशी जवळचं सँ-सिर्क-लापोपी हे गाव जोडता येतं.

जाण्यासाठी मे, जून आणि सप्टेंबर सगळ्यात चांगले. नोव्हेंबर ते ईस्टर अर्धी गावं बंद असतात.

जेवणाचं वेळापत्रक पाळावंच लागतं. स्वयंपाकघर बारा ते दीड-दोन आणि मग संध्याकाळी सातनंतर. तीन वाजता पोहोचलात तर कॉफीच मिळेल. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच फळं, ब्रेड, चीज घेऊन ठेवा. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणा, मग काय हवं ते सांगा. न म्हणता थेट विचारणं तिथे उद्धटपणाचं मानतात.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. हा बदकाचा मुलूख आहे. 'पोम सार्लादेझ' म्हणजे दिसायला साधे लसणाचे परतलेले बटाटे, पण ते बदकाच्या चरबीत परततात. लसणाच्या सूपमध्येही बहुतेकदा तीच चरबी असते. बकरीच्या गरम चीजचं सॅलड मागवताना 'सां लार्दों' म्हणा, नाहीतर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. 'सां व्यांद, सां ग्रेस द कानार', म्हणजे मांस नको, बदकाची चरबी नको, हे कागदावर लिहून दाखवलं तर गैरसमज होत नाही. सहज मिळतं ते अंड्याचं आम्लेट, रोकामादूरचं लहान गोल चीज, स्थानिक स्ट्रॉबेरी आणि अक्रोडाचा केक, अर्थात अंडं चालत असेल तर.

राहायला 'शांब्र दोत' बघा, म्हणजे घरातल्या पाहुण्यांच्या खोल्या. न्याहारी भाड्यातच असते. रात्रीचं जेवणही हवं असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, शाकाहारी असल्याचं आरक्षण करतानाच. पोहोचण्याची वेळ कळवा आणि ती पाळा. यजमान साधारण चार ते सात या वेळात वाट पाहतात, रात्री दहाला दार उघडायला कुणी नसतं. स्वतः स्वयंपाक करायचा असेल तर 'जीत', म्हणजे पूर्ण घर. पण उन्हाळ्यात ते शनिवार ते शनिवार असंच मिळतं, त्यामुळे चार रात्रींच्या बेतात ते बसत नाही.