तुझा कोड कोणता बे?

नागपुरात मे महिन्यात दुपारी दोनला शहाणा माणूस कूलरसमोरून उठत नाही. नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेशाचा, पेपर मात्र नेमका मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दोनला सुरू होतो. दीड वाजता गेट बंद झालं की मुलं आत आणि मायबाप बाहेर कडुनिंबाखाली. डोक्याला दुपट्टे, पिशवीत पन्ह्याची बाटली, एखाद्या आजोबांच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा. पंख्याखाली बसलेल्या मुलांपेक्षा बाहेरच्यांचीच परीक्षा कठीण, असं भाचीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या मला त्या दिवशी वाटलं.

पाचला पेपर सुटतो. आई पाण्याची बाटली उघडून पुढे होते, पण पोरगं तिच्या बाजूनं निघून थेट मित्राकडे जातं आणि पहिला प्रश्न विचारतं, "तुझा कोड कोणता बे?" पेपर कसा गेला, ते नंतर. प्रश्न सगळ्यांना तेच, पण प्रश्नपत्रिकेवरच्या कोडप्रमाणे क्रम बदललेला. त्यामुळे याचा बारावा त्याचा सदतिसावा निघतो आणि रसवंतीच्या बाकावर आधी दोन प्रश्नपत्रिकांची सोयरीक जुळवावी लागते. ओएमआर, म्हणजे गोळे काळे करायची उत्तरपत्रिका, आतच जमा झालेली असते. हातात उरते फक्त प्रश्नपत्रिका आणि तिच्यावर केलेल्या खुणा. खूण दोनवर आहे खरी, पण गोळा दोनचाच काळा केला होता का, हा किडा तिथेच डोक्यात शिरतो.

भांडणाची सुरुवात फिजिक्सपासून होते.

"अबे तीन होतं ते! लाव शर्त."

"मी तं दोन केलं."

"काहून? मायनस साइन खाल्ली का तू?"

मग तिसऱ्याला हाक जाते, चौथ्याला जाते. तिघांचं तीन आलं की चौथा गप्प होतो. गणित कोणी पुन्हा सोडवून पाहत नाही, सरळ मतदान होतं. आणि मतदानात असतं तसं इथंही मोठ्या आवाजाला वजन असतं. असा आवाजवाला एक जण प्रत्येक घोळक्यात असतो. मला जास्त लक्षात राहतात त्या कडेला उभ्या असलेल्या मुली. उसाचा रस पीत सगळं ऐकतात, स्वतःचं उत्तर सांगत नाहीत, आणि हळूच प्रश्नपत्रिकेची घडी घालून पर्समध्ये टाकतात. यांना बरेच मार्क पडत असणार, असा माझा संशय आहे.

बायोलॉजीत मतदान चालत नाही. तिथं ग्रंथप्रामाण्य आहे. कोणीतरी डोळे मिटून एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातलं अख्खं वाक्य म्हणून दाखवतं, "लाइन टू लाइन आहे रे ती," आणि वाद संपतो. 180 पैकी 90 प्रश्न याच विषयाचे, म्हणून पुस्तक पाठ असलेल्याचा मान मोठा.

सीईटी देणाऱ्यांच्या वाट्याला हे सुख नाही. संगणकावरचा पेपर, रोज वेगळी शिफ्ट, हातात कागद नाही. मग ते शिफ्ट सोपी होती की अवघड, एवढ्यावरच बोलतात आणि पर्सेंटाइलवर भरवसा ठेवून घरी जातात. बिचारे!

बाकावरचं भांडण बाकावरच राहतं, असंही नाही. 2024 च्या नीटमध्ये अणूवर दोन विधानं होती. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, असं दुसरं विधान म्हणत होतं. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसंच होतं, नव्यात 'बहुतेक' मूलद्रव्यांचे. परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं दोन्ही उत्तरांना मार्क देऊन टाकले. दोघांनाही ग्रंथाचा आधार, मग करणार काय? प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं आयआयटी दिल्लीचे तीन तज्ज्ञ बसवले आणि त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला, चौथा, म्हणजे दुसरं विधान चूक. किरणोत्सारी अणू स्थिर कुठे असतात! निकाल पुन्हा लागला, आणि 720 पैकी 720 मिळवलेले 61 होते ते 17 राहिले. एका प्रश्नाचे चार मार्क गेले आणि चुकीचा एक वजा झाला, म्हणजे पाचाचा फटका. रसवंतीवरच्या पोरांना हा हिशेब कोर्टाच्या आधीपासून तोंडपाठ असतो.

रस संपेपर्यंत प्रत्येकाचा आकडा तयार होतो. आकडे खरं तर तीन असतात. मित्रांना सांगायचा, घरी सांगायचा आणि कोणालाच न सांगायचा. घरच्या आकड्यात पंधरा-वीस कापलेले असतात, म्हणजे निकालाच्या दिवशी आईला आनंद व्हायला जागा राहते. गाडीत बसताना भाचीनं मला जो सांगितला तो यातला कोणता, हे मी विचारलं नाही. मामानं विचारूही नये. मेडिकल चौकातून जाताना ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती, तेवढं दिसलं.

रात्रीपर्यंत क्लासवाल्यांच्या आन्सर की फोनवर येतात. त्यातही एखाद्या प्रश्नावर दोन क्लासचं पटत नाही, म्हणून फोनवर पुन्हा तोच दंगा. पुढे काही आठवड्यांनी एनटीएची तात्पुरती की येते. ती चुकीची वाटली तर आव्हान द्यायची सोय असते, एका प्रश्नाला 200 रुपये, परत न मिळणारे. शर्त लावणाऱ्या त्या मोठ्या आवाजाच्या पोराला मित्रांनी फोन करून सांगितलं, तुझं तीन त्यांनी चुकीचं धरलंय, टाक आव्हान.

"जाऊ दे ना बे," तो म्हणाला, "दोनच असन ते."