आजीच्या गालावरचं हिरवं

तालुक्याच्या दुकानात ‘सॉफ्ट पेस्टल’ मागितले की दुकानदार मागं न बघताच हात लांबवतो आणि पोरांची ऑइल पेस्टलची डबी पुढं सरकवतो. ‘पेस्टल म्हणजे हेच ना मॅडम, हे बी सॉफ्टच हाये.’ एकदा मी ती आणलीसुद्धा. ऑइल पेस्टलमध्ये मेण आणि तेल, ते कागदाला चिकटून बसतं, बोटानं हलवू म्हटलं तर सहज हलत नाही. मला हवं होतं ते वेगळंच. शेवटी नागपूरला एका लग्नाला गेले तेव्हा सीताबर्डीत चोवीस कांड्यांची डबी मिळाली. घरी येईपर्यंत त्यातल्या तीन मोडल्या होत्या. मी हळहळले, पण पुढं चित्र काढताना त्या तीनच सगळ्यात कामाला आल्या, कारण बारीक रेघ मोडलेल्या कांडीच्या कोपऱ्यानंच निघते. साबूत कांडी म्हणजे अंगठ्यानं सुईत दोरा ओवणं.

दिवसभर फळ्यासमोर उभी राहणारी बाई मी, खडूचं मला काय अप्रूप? पण शाळेतला खडू आता बहुतेक जिप्समचा असतो, आणि ही कांडी म्हणजे जवळजवळ निव्वळ रंगाची भुकटी. थोडी चुन्याच्या जातीची पांढरी पूड आणि धरून ठेवायला नावापुरता डिंक. इतका कमी, की कागदाला टेकली की कांडी सुटायलाच लागते. पहिली रेघ ओढली आणि हाताला ओळख पटली ती खडूची नाही, रांगोळीची. चिमटीतून सुटणारी, फुंकर मारली की जाणारी.

चेहरा कोणाचा काढायचा हा प्रश्न नव्हताच. दिवाळी होऊन गेलेली, मधल्या खोलीत कापूस पार खिडकीपर्यंत रचलेला, भाव येईल तेव्हा विकू म्हणून. ओसरीत आजी वाती वळत बसलेली. चारचं ऊन तिच्या एका गालावर तिरपं आलेलं. तिला म्हटलं, अशीच बस, हलू नको. ‘मी कुठं पऱ्हाटी वेचाले चालली,’ म्हणाली, आणि पुढचा तासभर एक मिनिट स्थिर बसली नाही. कोंबडी हाकल, गल्लीतून जाणाऱ्याला ‘कुठं गेलता रे’ विचार, वात वळायला मान खाली घाल.

कागद म्हणून पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद घेतला होता, खरबरीत बाजू वर करून. गुळगुळीत कागदावर ही भुकटी थांबतच नाही, तिला अडकायला खाचा लागतात. आधी सुताराकडचा पॉलिश पेपर वापरून पाहिला होता. रंग मस्त धरतो, पण बोटानं घासता घासता माझी कातडीच चित्रात जायला लागली. खाकीचा आणखी एक फायदा: मधला रंग आयता मिळतो. सावली गडद करायची, उजेड वर ठेवायचा, उरलेला चेहरा कागदच सांभाळतो.

अडचण आली ती रंगाची. डबीत एक कांडी होती, जिला बहुतेक लोक ‘स्किन कलर’ म्हणतील. गुलाबी, दुधात कालवल्यासारखी. ती मी आजीच्या कपाळावर फिरवली आणि आजीला ताप भरल्यासारखं दिसायला लागलं. त्या रंगाचं माणूस आमच्या गावात नाही. जन्मभर कापूस वेचलेल्या, तुरीत निंदण केलेल्या बाईचा रंग डबीत कुठून असणार? मग नीट बघायला लागले. उन्हातला गाल वाळल्या तुऱ्हाटीसारखा. हनुवटीखाली जांभळट. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या मातीत पाणी मुरल्यावर दिसतो तो तपकिरी. आणि सावलीतल्या गालावर, खरं सांगते, हिरवं. आयुष्यभर जिला ‘सावळी’ म्हणून एका शब्दात मोकळी झाले, तिच्या तोंडावर सहा कांड्या खपल्या.

या रंगांनी चेहरे काढणं काही नवं नाही. अठराव्या शतकात व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा याच कांड्यांनी सरदार-दरकदारांचे चेहरे काढून युरोपभर नावाजली. मला मात्र त्याच शतकातला फ्रेंच चित्रकार शार्दँ जवळचा वाटतो. म्हातारपणी तैलरंगांनी डोळ्यांना त्रास व्हायला लागला म्हणून तो पेस्टलकडं वळला. त्यानं 1775 साली काढलेलं स्वतःचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे: डोक्याला पांढरं फडकं, नाकावर चष्मा, डोळ्यांवर उजेड अडवायची झडप. दुपट्टा बांधून पारावर बसलेला आमच्याकडचा एखादा बुढाच जणू.

माझी मुख्य चूक म्हणजे चेहरा फार लहान धरला. डोळा तुरीच्या दाण्याएवढा झाला आणि कांडी अंगठ्याएवढी. दुसरी चूक घासण्याची. बोटानं रंग मिसळायची इतकी गोडी लागते की थांबवत नाही, आणि मग सगळे रंग मिळून पोळ्याच्या पावसातला रस्ता होतो. थोड्या वेळानं कागदाचं पोट भरतं, वर आणखी रंग लावला तर नुसता घसरतो. आजी सगळं बघत होती. तिनं एक वात घट्ट वळून माझ्या हातात दिली: ‘बोटानं नको करू, नखं भरले.’ त्या वातीनं मी भुवई पुसट केली, तर रंग मिसळण्याऐवजी उचललाच गेला, पण केसांजवळ तेच हवं होतं. घरात क्विंटलानं कापूस असताना ही गोष्ट मला सुचली नव्हती.

अंधार पडायला लागला तेव्हा चित्र तिच्यापुढं धरलं. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. कपाळावरचं गोंदण बरोबर आलं म्हणाली. नाकातली फुली चमकत नाही म्हणाली, तेही खरं होतं. मग बोट गालावर आलं.

‘काहून वं पोरी, माहं गोंदण गालावर पसरलं काय?’

‘नाही वं आजी, सावली आहे ती.’

‘सावली कधी हिरवी राह्यते काय?’

मी तिला उन्हाचं, परसातल्या कडुनिंबाचं, रंगांच्या जोड्यांचं काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून, लहानपणी माझं शेंबूड पुसायची त्याच सराईतपणे, एकदा गालावरून फिरवलं. मी ओरडले. तिनं दुसऱ्यांदा फिरवलं.

हिरवं सगळं गेलं नाही. जांभळ्यात विरून खाली थोडं राहिलं, आणि तेवढा एकच गाल आख्ख्या चित्रात गालासारखा दिसायला लागला. पदरावरचा डाग नुसत्या पाण्यानंच निघाला. फुलीवरचा पांढरा ठिपका मी दुसऱ्या दिवशी दिला, मोडक्या कांडीच्या कोपऱ्यानं.