आधी हिशोब, मग भात

आमच्या वाडीच्या महापूजेला सगळ्यात जास्त गर्दी आरतीला होत नाही, हिशोब वाचायला होते. खजिनदार उठतो, चष्मा पुसतो, वहीचं पान उलटतो आणि ‘मागील शिल्लक’ एवढंच म्हणतो. त्याबरोबर शाळेच्या पडवीत आडवे झालेलेसुद्धा उठून बसतात.

मालवण तालुक्यात कालावल खाडीच्या काठाला आमची वाडी. वाडीचं मंडळ, मंडळाची मुंबई शाखा आणि दर मे महिन्यात शाळेच्या पटांगणात सत्यनारायणाची पूजा. सिंधुदुर्गात अशी मंडळं वाडीगणिक सापडतील आणि त्यांच्या पत्रिका एकमेकींवर ठेवल्या तर काना-मात्रेचाही फरक दिसायचा नाही. सकाळी पूजा, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी हळदीकुंकू आणि विद्यार्थ्यांचा गुणगौरव, रात्री दशावतारी नाटक. आमच्या पत्रिकेत तीर्थप्रसाद आणि महाप्रसाद यांच्या मधोमध एक बारीक ओळ असते : ‘सर्वसाधारण सभा’. ती जागा आजोबांच्या पिढीने अगदी विचार करून नेमली होती. भात चुलीवर असतो, वास नाकात शिरत असतो, पोटात कावळे ओरडत असतात. मग कोण किती वेळ भांडणार? आणि कितीही चिडला तरी पान न मांडता घरी कोण जाणार? आजोबांना कुणी म्हटलंच, की आधी जेवून घेऊया, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, “आधी जेवण घातलंत, तर हिशोबाक कोण रवतलो?”

पण पूजा सुरू व्हायची ती आदल्या दुपारी, काळे वाटाणे भिजत घालण्यापासून. हे वाटाणे हट्टी. रात्रभर पाण्यात राहिले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कितीही लाकडं जाळा, दाताखाली कटकट वाजणारच. त्यामुळे किती पायल्या भिजवायच्या हा निर्णय दुपारी चहाच्या वेळेपर्यंत व्हावाच लागे, आणि त्यासाठी मुंबईहून किती माणसं येणार हे कळावं लागे. आमच्या लहानपणी रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली ती २६ जानेवारी १९९८ला. त्याआधी सगळा भरवसा रात्रीच्या एसटीवर. घाटात गाडी बंद पडली की वाटाण्यांचा अंदाज चुकला. काकी म्हणायची, “येवंदेत नाय तर रवांदेत, दोन पायल्ये जास्तीच घाला. उरले तर कोंबयेक.”

रात्री जेवणं आटोपली की बायका आडाळो, म्हणजे खवणीची विळी, घेऊन शाळेत जमायच्या. दिवाळीत माहेरी न आलेल्या सासुरवाशिणी मे महिन्यात यायच्या, त्या तिथेच भेटायच्या. वीस-पंचवीस आडाळे दोन रांगांत, मधे ताडपत्रीवर फोडलेल्या नारळांचा ढीग. खवणाऱ्या बाईची नजर नारळावर नसतेच. हात फिरत असतो, तोंड चालू असतं, आणि करवंटीचा काळा भाग खोबऱ्यात पडायच्या क्षणभर आधी हात आपोआप थांबतो. काळा कीस पडला की वाटपाचा, म्हणजे वाटलेल्या मसाल्याचा, रंग बिघडतो. आम्हा पोरींना पहिली काही वर्षं फक्त करवंट्या गोळा करायचं काम होतं. आडाळ्यावर बसायला मिळालं त्या मे महिन्यात मी स्वतःला फार मोठी समजले.

पलीकडे पुरुष कच्चे फणस फोडायचे. हाताला खोबरेल, कोयत्याला खोबरेल, तरी चीक कुठेतरी चिकटायचाच आणि मग रॉकेलची बाटली शोधली जायची. गरे एकीकडे, आठळ्या एकीकडे. पटांगणाच्या कडेला चर खणून ठेवलेला असे, त्यावर देवळातले टोप चढायचे. पूजेचा स्वयंपाक म्हणून कांदा-लसूण नाही. सुकं खोबरं, धणे, मिरची, थोडे तीळ भाजून वाटप. कांद्याशिवाय काळ्या वाटाण्यांना चव येत नाही असं म्हणणारा एक गट दरवर्षी असायचा आणि दरवर्षी हरायचा. माझं मत विचाराल तर तो गट चूक होता. त्या वाटाण्यांइतकी चांगली उसळ मी नंतर कांदा घालूनही खाल्लेली नाही. अर्थात रात्रभर जागून केलेल्या जेवणाबद्दल माझ्यासारखीने निष्पक्षपणे बोलावं ही अपेक्षाच जास्त आहे.

प्रसादाचा शिरा मात्र भटजींच्या देखरेखीखाली. रवा, तूप, साखर सव्वाच्या मापाने, वर दूध आणि वेलची केळी. त्यात कुणाचं मत चालत नसे.

पूजेआधी गाऱ्हाणं. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, पुढे उभा राहून हात जोडायचा, “बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय सेवा केल्यानी हा, ती गोड मानून घे म्हाराजा!” आणि मागून सगळ्या वाडीचा आवाज, “व्हय म्हाराजा!” मुंबईतल्यांच्या नोकरीधंद्याला यश दे, परीक्षेला बसलेल्या पोरांना पास कर, जो कोणी वाकड्या नजरेने बघत असेल त्याची नजर सरळ कर. दर मागणीला “व्हय म्हाराजा”. आम्ही पोरं त्या होकारासाठीच थांबायचो. जितकं ओरडता येईल तितकं ओरडायची ती एकमेव अधिकृत जागा.

१९८२च्या मे महिन्यातलं गाऱ्हाणं मला अजून आठवतं. १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतले कितीतरी आमच्यासारख्या वाड्यांतले. लालबाग-परळच्या खोल्यांमध्ये गाववाले दाटीवाटीने राहायचे, मंडळाची मुंबई शाखा म्हणजे तीच माणसं. वर्गणीचा मोठा आकडा यायचा तो तिथून. पगार थांबला तसे एकेकजण गावी परतले. मे उजाडेपर्यंत वाडी अशी भरली की तशी गणपतीतही भरत नसे. पूजेला माणसं दुप्पट आणि पावतीपुस्तक जवळजवळ कोरं. मग घराघरातून तांदूळ आले, कुणी पायली, कुणी दोन शेर. खीर रद्द झाली. चर खणायला, लाकडं फोडायला, पाणी ओढायला इतके हात, की दरवर्षी ज्या कामाला माणूस शोधावा लागे तिथे रांग लागली. गावकराने गाऱ्हाण्यात म्हटलं, “गिरणीचे भोंगे परत वाजांदेत म्हाराजा!” पोरांच्या आधी मोठे ओरडले.

त्या दुपारी खजिनदाराने हिशोब वाचला आणि एकानेही प्रश्न विचारला नाही. जमा वाचली, खर्च वाचला, ‘मंजूर’ झालं. आजोबा घरी येऊन आजीला म्हणाले की असली सभा पुन्हा बघायला नको. ते भोंगे बहुतेकांसाठी पुन्हा वाजले नाहीत. काहीजण कायमचे गावात राहिले, कुणी होडीवर गेला, कुणी बाजारात शिलाईचं मशीन टाकलं. पुढच्या वर्षी सभेत दोन गॅसबत्त्यांच्या भाड्यावरून असा कडाका झाला, की खालच्या वाडीतले लोक बघायला आले. आजोबा त्या दिवशी पोटभर जेवले.

भांडणाचे विषय साधारण ठरलेले असत. ‘किरकोळ खर्च’ हा शब्द वहीत दिसला की अर्धी सभा उभी राहायची. पण सगळ्यात गाजलेला वाद नारळांचा. एका वर्षी खर्चात ‘नारळ विकत’ अशी नोंद निघाली. वाडीत घरटी माड, मग नारळ विकत कशाला? खजिनदार म्हणाला, घराघरातून आले ते पुरले नाहीत. कुणी किती दिले याची यादी मागितली गेली. यादीत एका मोठ्या घराच्या नावापुढे ‘पाच’. त्या घराचे अण्णा उठले, म्हणाले, “पंचवीस दिलंय!” तोपर्यंत बायका सभेत मागच्या बाजूला बसायच्या, बोलायच्या नाहीत. काकी तिथूनच उठली. “नारळ फोडतंव आमी, खवतंव आमी. मगे किती इले ता आमका विचारा.” पडवी गप्प. काकीने बोटांवर मोजत घराघराचा आकडा सांगितला, पाठच होता तिला. अण्णांचे बारा निघाले. पाच नव्हेत, पंचवीसही नव्हेत. त्यानंतर कार्यकारिणीत दोन बायका आल्या आणि नारळांचं खातं कायमचं त्यांच्याकडे गेलं. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या स्मरणिकेत या गोष्टीला एक ओळही नाही. तिथे पाहुण्यांचे सत्कार चार पानं आहेत.

अशी सभा संपली की लगेच पंगत. ज्यांची जुंपली असेल त्यांना एकाच ओळीत वाढायला द्यायचं हा अलिखित नियम. खजिनदार भात घेऊन पुढे, अण्णा वरण घेऊन मागे. भाताच्या मागे वरण पोचलं पाहिजे, त्यामुळे दोघांना एकमेकांकडे बघत, पायाला पाय लावून चालावंच लागायचं. तिसऱ्या ओळीपर्यंत अण्णा म्हणायचे, “जरा सावकाश चल रे, ह्यो टोप तापलोहा.” केळीचं पान, कडेला मीठ, लोणचं, फणसाची भाजी, मधे वाटाण्यांची उसळ, मग भाताचा डोंगर. आमसुलं घालायचा तोच हंगाम असल्यामुळे सोलकढीला ताज्या रातांब्याचं आगळ, म्हणजे घट्ट रस, मिळायचं, तिचा रंग वर्षात पुन्हा तसा येत नसे. द्रोण कलंडायचा, सोलकढी भातात जायची, आणि खरं सांगायचं तर तशीच ती जास्त छान लागायची.

रात्रीच्या नाटकाचं सांगायला बसले तर वेगळा लेख होईल. दशावतारात संहिता नसते. कुठली कथा लावायची हे संध्याकाळी ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर उभ्याउभ्या रचतात. आम्हाला नाटकापेक्षा शाळेच्या चौथीच्या वर्गात चाललेली रंगरंगोटी बघायची असायची. पेटारे उघडलेले, प्रत्येकाच्या हातात आपापला आरसा, जो तो आपला चेहरा स्वतः रंगवतोय. एकदा राणीचं काम करणारा नट शालू नेसून, नाकात नथ, दुपारची उरलेली उसळ आणि भात खात खिडकीत बसला होता. आम्हाला बघून म्हणाला, “बायांनो, थोडी सोलकडी गावात काय?” म्हणजे मिळेल का. आम्ही तांब्या भरून नेली. मग रात्रभर राणी रंगमंचावर कितीही रडली तरी आम्हाला हसूच येत होतं.

२०२०च्या मे महिन्यात पूजा झाली नाही. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना विलगीकरणात ठेवलं ते याच शाळेत. बाकांवर गाद्या, दाराशी बादली. वाडीतल्या बायका गेटवर डबे ठेवून यायच्या. आतून एकाने ओरडून विचारलं म्हणे, की हिशोब कधी वाचणार, सभेला कोरम आहे! पुढच्या वर्षी ऐन मेमध्ये तौक्ते वादळ आलं, माड पडले, पत्रे उडाले, तेव्हाही पूजा राहिली.

आता गुणगौरवाला मुलंच कमी. पूर्वी पहिले तीन नंबर काढताना वाद व्हायचे, आता शाळेचा पट एवढासा की हजर असलेल्या प्रत्येकाला कंपास आणि वही मिळते. जेवणाचं कंत्राट कणकवलीच्या केटररला द्यायला लागून काही वर्षं झाली. जेवण वाईट नसतं. पनीर असतं, गुलाबजाम असतात, आणि काळे वाटाणे नसतात. वर्गणी मोबाइलवरून जमा होते, त्यामुळे कुणी किती दिले हे सगळ्यांना आधीच ठाऊक, सभेत अर्धी मजा कमी. तरी किरकोळ खर्चावरून थोडंफार होतंच, आणि ते झालं की मला बरं वाटतं.

यंदा मात्र मुंबई शाखेच्या तरुण पोरांनी एक ठराव मांडलाय : केटरर बंद, चर खणायचा, जेवण आपण करायचं. पंधरा दिवस वाद चालू आहे. टोप देवळात आहेत की कुणाच्या माळ्यावर, इथून सुरुवात. कांदा घालावा हे म्हणणारा गटही पुन्हा उगवलाय. काकी आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला ऐकू कमी येतं. सून तिला या वादाचे मोबाइलवरचे सगळे संदेश मोठ्याने वाचून दाखवते. परवा तिने सुनेकरवी निरोप पाठवला, “भांडान संपला काय सांगा. वाटाणे आदल्या दिसा दुपारीच घालूचे लागतत. आणि नारळ किती इले ता माका आधी कळांदे.”